मत बदलायची सोय

माझ्या चष्म्याचा नंबर उणे साडेपाच. चष्मा काढला की समोर बसलेल्या माणसाचं नाक कुठे संपलं आणि मिशी कुठे सुरू झाली हे मला सांगता येत नाही. उत्क्रांतीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास याच चष्म्यावर घसरतं. “गुहेत राहायचे दिवस असते तर तुला वाघाने केव्हाच फस्त केलं असतं. चष्म्याने वाचलास, आणि आता तुझे हे अधू डोळे पुढच्या पिढ्यांच्या गळ्यात!” थट्टाच ती, पण तिच्यामागची समजूत फार पसरलेली आहे. औषधं, शस्त्रक्रिया, चष्मे यांनी दुबळ्यांना जगवलं, त्यामुळे नैसर्गिक निवड बंद पडली, आणि माणसाची जात आता हळूहळू नासत जाणार. चांगले शिकलेसवरलेले लोक यावर माना डोलावतात. मग त्यांच्यातला एखादा उत्साही पुढची पायरी गाठतो. निसर्गाने काम टाकलंय ना, मग ते आपण हाती घेऊ. क्रिस्पर नावाची डीएनए कापायची कात्री आलीय. जनुकं सुधारू, माणूस सुधारू.

यातली पहिली समजूत चुकीची आहे आणि दुसरी धोक्याची, असं माझं मत आहे. अतिमानव जन्माला येतील आणि आपल्यावर राज्य करतील, ही भीती मी सिनेमावाल्यांसाठी सोडून देतो. मला वाटणारा धोका त्याहून साधा आहे. माणसाच्या आवडीनिवडी तीस वर्षांत बदलतात आणि जनुकं हजारो वर्षं टिकतात. आजच्या आवडीने पुढच्या माणसांना कायमचं बांधायचं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आधी चष्म्याचा हिशोब मिटवू. लांबचं धूसर दिसण्याचं प्रमाण पूर्व आशियातल्या शहरांत दोन-तीन पिढ्यांत इतकं वाढलं की तिथे शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या दर दहा मुलांपैकी आठ-नऊ जणांना चष्मा लागतो. त्यांच्या आजोबांच्या पिढीत हे प्रमाण याच्या आसपासही नव्हतं. एवढ्या थोड्या काळात जनुकं इतकी बदलत नसतात. बदललं ते बालपण. डोळ्यांजवळ धरून वाचणं वाढलं, उघड्यावरचा उजेड कमी झाला. मुलांना रोज जास्त वेळ बाहेर ठेवलं तर चष्मा लागण्याचं प्रमाण घटतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. घराण्यातून येणारा कल असतोच, तो मी नाकारत नाही. पण चष्म्यामुळे डोळे बिघडले हा आरोप म्हणजे छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस आला म्हणण्यासारखं आहे.

आता नैसर्गिक निवड. तिची चाळणी दोन ठिकाणी लागते. एक मृत्यूची, दुसरी जन्माची. कोण वाढायच्या आत मरतं ही पहिली, आणि जगलेल्यांपैकी कुणाला किती मुलं होतात ही दुसरी. माणसाच्या इतिहासाच्या बहुतेक काळात जन्मलेल्या मुलांपैकी जवळपास निम्मी मोठी होण्याआधीच जात. आज जगभरात पाचव्या वाढदिवसाआधी दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण हजारी 37 च्या आसपास आहे. पहिली चाळणी पुष्कळ सैल झाली हे खरं, आणि ज्याला याचं वाईट वाटतं त्याच्याशी मला वाद घालायचा नाही. दुसरी चाळणी मात्र जिथल्या तिथे आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रॅमिंगहॅम नावाचं गाव आहे. हृदयविकाराची कारणं शोधण्यासाठी 1948 पासून तिथल्या लोकांच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवल्या गेल्या, पुढे त्यांच्या मुलांच्या आणि नातवंडांच्याही. जीवशास्त्रज्ञांनी याच वह्या वेगळ्या नजरेने चाळल्या. तिथल्या ज्या बायका किंचित बुटक्या, किंचित जाडसर होत्या, ज्यांचं कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब कमी होता, त्यांना सरासरीने जरा जास्त मुलं झाली होती. पहिलं मूल लवकर होणं आणि पाळी उशिरा जाणं, यांचंही पारडं जड होतं. फरक बारीक आहे, दहा पिढ्यांत उंची दोनेक सेंटिमीटर घटेल एवढाच. पण दवाखाने, औषधं, फ्रीज सगळं असलेल्या विसाव्या शतकातल्या गावात नैसर्गिक निवड चालू होती, यात शंका उरत नाही.

कच्च्या मालाचीही टंचाई नाही. दर बाळ आईबापांपैकी कुणाकडेच नसलेले साठ-सत्तर नवे बदल डीएनएमध्ये घेऊन जन्माला येतं. बापाचं वय जितकं जास्त तितके हे बदल जास्त. जगात वर्षाला 13 कोटींच्या आसपास मुलं जन्मतात. गुणाकार करा, 800-900 कोटी नवे बदल होतात, दरवर्षी. आणि माणसाच्या जनुकसंचाचा एक संच सुमारे 300 कोटी अक्षरांचा आहे. म्हणजे जी अक्षरं बदलली तरी गर्भ जगू शकतो, त्यातलं जवळपास प्रत्येक अक्षर या वर्षी पृथ्वीवर कुठल्या ना कुठल्या बाळात बदललेलं असणार. माणसाची जात आज जितके प्रयोग करते आहे तितके तिने आधी कधीच केले नव्हते, कारण ती एवढी मोठी आधी कधीच नव्हती.

शिवाय माणसाचं कसब आणि माणसाची उत्क्रांती यांना एकमेकांचे वैरी मानायचं कारण काय? सस्तन प्राण्याचं पिल्लू अंगावरून सुटलं की दुधातली साखर पचवणारं विकर त्याच्या आतड्यात बनेनासं होतं. माणसाचंही तेच होतं, आणि जगातल्या बहुसंख्य प्रौढांचं आजही तेच होतं. पण गेल्या दहाएक हजार वर्षांत जिथे जिथे लोकांनी गुरं पाळली आणि दूध प्यायला घेतलं, त्यातल्या अनेक ठिकाणी हे विकर आयुष्यभर चालू ठेवणारा बदल पसरला. युरोपात एक, पूर्व आफ्रिकेत वेगळे, एकमेकांशी संबंध नसलेले. आधी गोठा बांधला गेला, जनुक मागून आलं. गोठा हे त्या काळचं तंत्रज्ञानच होतं.

म्हणून उत्क्रांती थांबली ही तक्रार मी बाजूला ठेवतो. ती सावकाश चालते ही गोष्ट वेगळी. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर शेतीच्या सुरुवातीपासून आपल्या चारशे पिढ्या झाल्या. आतड्यातला ई. कोलाय जिवाणू पोषक द्रवात दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो, त्याच्या चारशे पिढ्या साडेपाच दिवसांत उरकतात. आपली प्रतिजैविकं त्याच्या या वेगापुढे थकत चालली आहेत. पेनिसिलिनच्या शोधासाठी मिळालेलं नोबेल स्वीकारताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 मध्येच याचा इशारा दिला होता. उत्क्रांतीमुळे माणसाचं जे काही बरंवाईट नजीकच्या काळात व्हायचं आहे ते बहुधा जंतूंच्या उत्क्रांतीमुळे होईल, आपल्या नव्हे. पण जंतूंवर परिसंवाद भरत नाहीत.

आता कात्रीकडे येऊ. क्रिस्परने डीएनए हव्या त्या जागी कापता येतो हे जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पंतिये यांनी 2012 मध्ये दाखवलं आणि 2020 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यावर आधारलेला पहिला उपचार 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला. तो सिकल सेल या आजारावरचा. या आजारात हिमोग्लोबिनच्या एका साखळीतलं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. प्राणवायू कमी पडला की अशा हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोरखंडासारखे ताठ होतात, तांबडी पेशी वाकून विळ्यासारखी होते आणि बारीक वाहिन्यांत अडकते. मग जी कळ सुरू होते ती भोगणाऱ्यालाच ठाऊक.

उपचाराची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. रुग्णाच्या रक्तातून मूळ पेशी वेगळ्या काढतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे क्रिस्पर त्यातलं बिघडलेलं अक्षर दुरुस्त करतं, असं आपल्याला वाटेल. तसं होत नाही. बिघडलेल्या अक्षराला हातच लावत नाहीत. आईच्या पोटात असताना आपल्या सर्वांच्या रक्तात वेगळ्या प्रकारचं हिमोग्लोबिन असतं, जन्मानंतर एक जनुक त्याचा कारखाना बंद करतं. कात्री चालते ती या बंद करणाऱ्या बटणावर. बटण मोडलं की गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं आणि विळे वाकेनासे होतात. दरम्यान रुग्णाला जहाल औषध देऊन त्याची जुनी अस्थिमज्जा मोकळी करावी लागते, तेव्हाच नव्या पेशींना घर मिळतं. कित्येक आठवडे रुग्णालयात, केस गळालेले, प्रतिकारशक्ती शून्यावर. अमेरिकेत या उपचाराची जाहीर किंमत 22 लाख डॉलर आहे, आणि हा आजार सर्वाधिक आहे आफ्रिकेतल्या गरीब देशांत. त्यावर वेगळं काही म्हणायची गरज नाही.

मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. बऱ्या झालेल्या या रुग्णाच्या बीजपेशींत सिकल सेलचं जनुक होतं तसंच राहतं. त्याने मुलं होऊ दिली तर ते त्यांच्याकडे जाईल. उपचाराला संमती देऊन ज्याने सही केली त्याच्याबरोबर हा बदल संपतो. उत्क्रांतीच्या दृष्टीने हा उपचार म्हणजे माझा चष्माच, फक्त फार महागडा आणि फार वेदनेचा.

कुणी म्हणेल, मग मुळावरच का घाव घालू नये? वाईट जनुक एकदाचं बीजातूनच काढून टाकावं. इथे “वाईट” या शब्दापाशी मला अडायचं आहे. अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये दाखवलं की सिकल सेलच्या जनुकाची एकच प्रत ज्याच्याकडे असते त्याला मलेरियापासून संरक्षण मिळतं. दोन प्रती आल्या तर आजार, एक आली तर ढाल. मलेरियाने आजही वर्षाला सुमारे सहा लाख माणसं मरतात. जिथे डास तिथे ते जनुक टिकलं. डास नसलेल्या ठिकाणी ती ढाल निरुपयोगी, फक्त ओझं. अक्षर एकच, किंमत मुक्कामावर ठरते.

याहून चक्रावून टाकणारं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडलं. कोविडच्या साथीत काही धडधाकट माणसं का कोसळली याचा शोध घेताना तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा सापडला. तो ज्यांच्याकडे आहे त्यांना आजार गंभीर होण्याचा धोका स्पष्टपणे जास्त. ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पेबो यांनी 2020 मध्ये दाखवलं की हा तुकडा निअँडरथल माणसांकडून आलेला आहे. सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वी झालेल्या संकरातून तो आपल्यात आला आणि राहिला. युरोपात सुमारे 16 टक्के लोकांकडे, दक्षिण आशियात तर जवळपास निम्म्यांकडे. 2020 साली कुणी विचारलं असतं तर प्रत्येकाने सांगितलं असतं की हा कचरा आहे, काढा. पुढे झेबर्ग यांनीच तपासलं तर हाच तुकडा बाळगणाऱ्यांना एचआयव्हीची लागण होण्याचा धोका सुमारे 27 टक्क्यांनी कमी निघाला. कारण या तुकड्यामुळे सीसीआर-5 नावाचा ग्राहक रेणू पेशींवर कमी प्रमाणात येतो, आणि एचआयव्ही पेशीत शिरतो तो याच दारातून. गंमत अशी की एचआयव्ही माणसात आला विसाव्या शतकाच्या आगेमागे. म्हणजे तो तुकडा हजारो वर्षं टिकला तो एचआयव्हीमुळेही नाही. आणखी कुठल्यातरी, आता विसरल्या गेलेल्या साथीत त्याने कुणाला वाचवलं असेल. 2019 मध्ये त्याची खरी किंमत सांगू शकेल असा एकही तज्ज्ञ जगात नव्हता, आणि 2050 ची किंमत आज सांगू शकेल असाही नाही.

तरीही माणसं किंमत ठरवायला उतावीळ असतातच. उंची घ्या, ती तर फूटपट्टीने मोजता येते. 54 लाख लोकांची माहिती एकत्र करून 2022 मध्ये उंचीशी निगडित जागा मोजल्या गेल्या. त्या 12,111 भरल्या. बारा हजार जागी कातरकाम करायची सोय कुणाकडे नाही, आणि यातली बहुतेक जनुकं उंचीखेरीज इतर दहा कामांत गुंतलेली असणार. म्हणून बाजाराने सोपी वाट धरली आहे. बदलायचं नाही, निवडायचं. आयव्हीएफमध्ये पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण शंभरेक पेशींचा गोळा असतो. त्याच्या बाहेरच्या कवचातून, जिथून पुढे वार बनते तिथून, काचेच्या केसाएवढ्या नळीने चार-पाच पेशी खेचून घेतात. त्यांचा डीएनए वाचून गंभीर आजार असलेला भ्रूण बाजूला ठेवता येतो. 1990 पासून हे तंत्र वापरात आहे आणि त्याने असंख्य घरांत रडू टळलं आहे. आता काही कंपन्या याच चार पेशींवरून उंची, मधुमेहाची शक्यता, इतकंच काय बुद्ध्यंकाचाही आकडा लावून देतात. दहा भ्रूणांतून सगळ्यात “उत्तम” निवडला तर सरासरीने हाती किती लागेल? 2019 च्या एका अभ्यासाने हिशोब मांडला. उंची अडीच सेंटिमीटर आणि बुद्ध्यंकाचे अडीच गुण, तेही अंदाजात भरपूर चूकभूल धरून. बुद्ध्यंकाचे अडीच गुण तर एखादी रात्र नीट झोप न झाल्यानेही इकडेतिकडे होत असतील.

म्हणजे फसवणूकच म्हणायची, मग घाबरायचं कशाला? माझे एक मित्र असंच म्हणतात, आणि इथेच आमचं वाजतं. निवडीने नुकसान व्हायला ती निवड शास्त्रीयदृष्ट्या अचूक असावी लागत नाही. पुष्कळांनी एकाच दिशेने निवडलं की पुरे.

याचा धडा आपण एकदा घेतलेला आहे. निसर्गात शंभर मुलींमागे साधारण 105 मुलगे जन्मतात. गर्भाचं लिंग दाखवणारी सोनोग्राफी आली आणि आशियातल्या अनेक देशांत हा आकडा चढू लागला. कुठल्याही सरकारने हुकूम काढला नव्हता. घराघरांत, बंद दाराआड, प्रत्येकाने आपापल्या कुटुंबापुरता निर्णय घेतला होता. जगातून 10 कोटींहून जास्त बायका नाहीशा आहेत, असं अमर्त्य सेन यांनी 1990 मध्ये लिहिलं, आणि त्याच वर्षी दक्षिण कोरियात शंभर मुलींमागे 116 हून जास्त मुलगे जन्मत होते. सुप्रजननाचं, म्हणजे निवडून ‘चांगली’ संतती घडवण्याच्या कल्पनेचं, नाव काढलं की आपल्याला 1933 चा जर्मनीतला सक्तीच्या नसबंदीचा कायदा आठवतो, फार तर त्याच्याही आधीचा, 1907 चा अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. लाखो माणसांवर सरकारने सुरी चालवली, ते आठवायलाच हवं. पण पुढच्या वेळी सरकार लागणार नाही. हौशी आईबाप आणि मासिक हप्त्यांची सोय एवढ्यावर भागेल.

दक्षिण कोरियाची गोष्ट तिथे संपत नाही, आणि मला ती सांगायची आहे ती तिच्या उत्तरार्धासाठी. तिथल्या मुली शिकल्या, नोकऱ्यांना लागल्या, कुटुंबाचे कायदे बदलले, म्हातारपणी लेकच सांभाळते हे लोकांनी पाहिलं. 2007 च्या सुमारास आकडा 106 वर आला, म्हणजे निसर्गाच्या आसपास. गर्भाचं लिंग सांगायला बंदी करणारा कायदा तिथे 1987 पासून होता. 2024 च्या फेब्रुवारीत तिथल्या घटना न्यायालयाने तो मोडीत काढला, कारण मुलगाच हवा हा हट्टच समाजात उरलेला नव्हता. एका पिढीत एका अख्ख्या समाजाचं मत फिरलं. आणि ते फिरल्याचा परिणाम लगेच दिसला, कारण पुढचं प्रत्येक मूल कोऱ्या पाटीने जन्मणार होतं. जन्मू न दिलेल्या मुली परत आल्या नाहीत, ते नुकसान भरून येणारं नव्हतंच. पण चूक पुढे आपोआप वाहत राहिली नाही.

समजा त्या तीस वर्षांत आईबापांच्या हातात सोनोग्राफीऐवजी बीजात लिहिणारी लेखणी असती. मत फिरलं असतं, अक्षर राहिलं असतं. ते मुलांकडून नातवंडांकडे गेलं असतं, लग्नांमधून अशा घरांत पोचलं असतं जिथे त्याची कुणी मागणीच केली नव्हती. खोडायचं तर प्रत्येकाला शोधून काढा, चाचणी करा, पुन्हा प्रयोगशाळेत आणा. “नको झालं तर पुन्हा बदलू” असं म्हणणाऱ्यांनी हा पत्ता शोधायचा खर्च कधी धरलेला नसतो.

माझ्या या मताला एक जबर आक्षेप आहे, आणि तो मला टाळायचा नाही. काहीच न करणं हासुद्धा निर्णयच असतो. सिकल सेल घेऊन जन्मलेल्या मुलाला तरी कुणी विचारलं होतं? निसर्गाने लादलेलं चालतं आणि आईबापांनी टाळलेलं चालत नाही, हा कुठला न्याय? आक्षेप खरा आहे. माझं उत्तर असं की बहुतेक वेळा तिसरी वाट असते. दोन्ही पालकांकडे एकेकच सदोष प्रत असेल तर त्यांच्या भ्रूणांपैकी निरोगी निवडता येतो, तो भ्रूण तसाही होऊ शकलाच असता, त्यात परकं अक्षर घातलेलं नसतं. उरतात ती अगदी थोडी जोडपी, ज्यांचं प्रत्येक मूल आजारीच होणार. त्यांच्यासाठी जन्मल्यानंतरचे उपचार झपाट्याने पुढे येत आहेत. 2025 मध्ये अमेरिकेत यकृताच्या एका अतिदुर्मीळ आजाराने जन्मलेल्या बाळासाठी, फक्त त्याच्याच डीएनएमधल्या चुकीसाठी, सहाएक महिन्यांत खास उपचार बनवून दिला गेला. बीजाला हात न लावता. पण काही आजार आईच्या पोटातच घात करून जातात, जन्माची वाट पाहत नाहीत. तिथे माझ्या युक्तिवादाला भोक आहे हे मी मान्य करतो, आणि त्या जोडप्यासमोर बसून हा लेख वाचून दाखवायची माझी हिंमत नाही.

आणखी एक कबुली. बीजात बदल करायचाच नाही ही रेषा ओलांडली गेलेली आहे. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या सूत्रकणिकांचा (मायटोकाँड्रियांचा) स्वतःचा छोटासा डीएनए असतो, 37 जनुकांचा, आणि तो फक्त आईकडून येतो. त्यातच दोष असेल तर दुसऱ्या बाईच्या निरोगी सूत्रकणिका वापरायला ब्रिटनने 2015 मध्ये कायद्याने परवानगी दिली, आणि अशी आठ बाळं तिथे जन्मल्याचं 2025 च्या जुलैमध्ये जाहीर झालं. मला ते पटतं, कारण बदली म्हणून जे घातलं ते कुणाच्या कल्पनेतून आलेलं नाही, जिवंत माणसांत हजारो वर्षं चाललेलं आहे. तरीसुद्धा याच तंत्रावर अमेरिकेतल्या वैज्ञानिक अकादमीच्या समितीने 2016 मध्ये एक शहाणी सूचना केली होती. सुरुवातीला फक्त पुरुष भ्रूण वापरावेत, म्हणजे बदल पुढच्या पिढीत जाणारच नाही, आणि काही वर्षं वाट पाहून मग पुढचं ठरवता येईल. ब्रिटनने ती अट घातली नाही. मी घातली असती. विज्ञान अडवायचं नाही, फक्त माघारी फिरायची वाट झाडून ठेवायची, एवढंच तिच्यात होतं.

याच कारणाने मेंदूत बसवायच्या चिपांची मला तितकीशी भीती वाटत नाही. शस्त्रक्रियेने कानाच्या आत बसवायची श्रवणयंत्रं (कॉक्लिअर इम्प्लांट) आजवर 10 लाखांहून जास्त लोकांना बसवली गेली आहेत, आणि त्यांची मुलं आपापले कान घेऊनच जन्मतात. चिपांमुळे खाजगीपणाचं काय होईल, कंपनी बुडाल्यावर डोक्यातल्या यंत्राची देखभाल कोण करेल, हे प्रश्न मोठे आहेत. पण ते एका माणसाच्या आयुष्याचे प्रश्न आहेत. यंत्र काढता येतं. माझा चष्माही रोज रात्री उशाशी असतो.

चीनमधल्या शेन्झेन शहरातल्या ‘हे जियानकुई’ नावाच्या संशोधकाने 2018 च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं की त्याने भ्रूणांमध्ये बदल केले आणि त्यातून जुळ्या मुली जन्मल्या आहेत. पुढे तिसरं मूलही जन्मलं. त्याने बदललेलं जनुक सीसीआर-5, तेच एचआयव्हीचं दार. मुलींच्या वडिलांना एचआयव्ही होता, पण मुलींना तो होऊ न देण्याचे साधे, खात्रीचे मार्ग आधीपासून उपलब्ध होते. सीसीआर-5 नसलेली माणसं निसर्गातही आहेत, उत्तर युरोपात विशेष. त्यांना वेस्ट नाईल विषाणूचा आजार जास्त जड जातो. पण या मुलींमध्ये तो नैसर्गिक बदलही नीट उतरला नाही. कात्रीने तिथे जे उमटवलं ते याआधी कुठल्याच माणसात पाहिलेलं नव्हतं. एकीच्या दोन्ही प्रती बदलल्या, दुसरीची एकच. शरीरातल्या सगळ्या पेशींत बदल सारखा आहे का, हे त्यालाही खात्रीने सांगता आलं नाही. न्यायालयाने त्याला तीन वर्षांचा तुरुंगवास दिला, तो भोगून 2022 मध्ये तो बाहेर आला.

मुलींची खरी नावं जगाला माहीत नाहीत, ते बरंच झालं. त्या आता शाळेत जायच्या वयाच्या आहेत. त्यांच्या प्रकृतीवर आयुष्यभर लक्ष ठेवायला खास व्यवस्था असावी असं काही नीतितज्ज्ञांनी सुचवलं. त्यावर इतरांनी विचारलं की रोज तपासण्यांना सामोरं जाणारं बालपण हे कसलं बालपण. दोघांचंही खरं आहे. आणखी वीसेक वर्षांनी त्यांच्यापैकी कुणाला मूल हवंसं वाटेल. तेव्हा कुणीतरी समोर बसून सांगावं लागेल की तुझ्यात हे अक्षर आहे, ते कुणी घातलं, आणि बाळाकडे ते जाण्याची शक्यता किती. त्या खोलीत तेव्हा कोण असेल, कोण जाणे. ज्याने ते घातलं तो तेव्हा साठी ओलांडलेला असेल.